माहेरचा रोलर

शिरूरच्या गुलमोहर कॉलनीत तिसऱ्या गल्लीत कधी आलात, तर आमच्या दारापुढं गाडी हळू घ्या. बाकीचा रस्ता कसा अगदी इस्त्री केल्यासारखा आहे. फक्त आमच्या फाटकासमोर एकामागं एक दोन आडवे खळगे लागतात. अनोळखी दुचाकीवाला त्यावरून गेला की एकदा सीटवरून उठतो, परत बसतो आणि आमच्या घराकडं बघून काहीतरी पुटपुटतो. काय पुटपुटतो ते मला ओठांवरून कळतं. थांबला असता तर मी त्याला चहा पाजून सगळं सांगितलं असतं. कुणीच थांबत नाही, म्हणून इथं सांगते.

खळगे पडायच्या आधी आमच्या गल्लीत रस्ताच नव्हता. होती ती नुसती खडी. ती कुणी कधी टाकली हे कुणाला आठवत नाही, आणि नंतर तिच्यावर डांबर टाकायचं असतं हेही कुणाला आठवलं नाही. आम्ही पायात सपाता घालून, तोल सांभाळत, एकमेकींकडं जात होतो. पण माझ्या सासूबाईंचं, तानुबाईंचं, मागच्या वर्षी मांडीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी त्यांच्या हातात वॉकर दिला. पुढं दोन चाकं, मागं दोन रबरी पाय. घरातल्या फरशीवर तो वॉकर त्यांचं ऐकायचा. खडीवर चाक टेकलं की तिथंच रुतायचं.

आता आमच्या फाटकाच्या बरोबर समोर, गल्लीच्या पलीकडं, तुळजाबाईंचं फाटक आहे. तुळजाबाई म्हणजे सासूबाईंची जिवाची मैत्रीण. रोज संध्याकाळी सासूबाई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, मिश्री लावायच्या आणि उठताना भांडून यायच्या. ते सगळं बंद पडलं. तुळजाबाईंना डोळ्यांनी धड दिसत नाही, त्यामुळं त्यांनाही खडीवरून येता येईना. ह्यांनी म्हणजे माझ्या मिस्टरांनी सुचवलं, "आई, मी आन् शेजारचा सुमित खुर्चीसकट उचलून नेतो तुला."

"उचलून न्यायला मी काय गणपती हाय?" सासूबाई म्हणाल्या. "जाईन तर माझ्या पायानं जाईन. न्हाईतर न्हाई."

मग दोघींनी आपापल्या फाटकात खुर्च्या मांडल्या आणि गल्लीच्या आरपार बोलायला सुरुवात केली. दोघींनाही ऐकायला कमी येतं. त्यामुळं माझी ॲसिडिटी, ह्यांचं घोरणं आणि आमच्या आतल्या खोलीतला पंखा कसा कुरकुरतो, हे सगळं तिसऱ्या गल्लीला रोज संध्याकाळी ताजं मिळू लागलं. तेव्हा रस्ता व्हावा ही तळमळ सासूबाईंसाठी होती, हे खरंच. पण थोडी माझ्या अब्रूसाठीही होती.

मी एका कचेरीत गेले. कुठल्या ते सांगत नाही, आम्हाला अजून ड्रेनेजसाठी तिथंच जायचंय. तिथल्या साहेबांनी नकाशा उलगडला आणि सांगितलं, "मॅडम, हा रस्ता न्हाईच. ही मोकळी जागा आहे."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं कशावरून चालतोय?"

"मोकळ्या जागेवरून."

शेवटी कॉलनीनंच आपापसात जमवून डांबर टाकायचं ठरवलं. मी परत त्याच साहेबांकडं गेले, एक दिवस रस्ता बंद ठेवायची परवानगी मागायला. ते म्हणाले, जो रस्ताच नाही तो बंद कसा करणार? तो उघडा आहे असं आधी सिद्ध करा. मी घरी येऊन पाणी प्यायले आणि गल्लीच्या तोंडाला खाट आडवी टाकायचं ठरवलं. खाटेला परवानगी लागत नाही.

कंत्राटदार सोपानराव सणसवाडीतल्या कंपन्यांच्या आवारात रस्ते करतात. त्यांनी काम घेतलं, पण एक अट घातली. "कंपनीत कसं असतंय, सेफ्टीचा माणूस असतोय. त्याशिवाय रोलर हलत न्हाई. माझी ऑपरेटर तर लई कडक. तुमच्या गल्लीत माणसं इकडून तिकडं फिरणार. त्यांना आवरायला एक सेफ्टी द्या."

मीटिंग आमच्याच ओट्यावर होती. सगळ्यांनी पोपटरावांकडं बघितलं. पोपटराव सहकारी सोसायटीतून रिटायर झालेत आणि जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांचं मत तयार असतं. ते म्हणाले, "सेफ्टी कशाला पाहिजे? रोलर म्हंजी काय, मोठं लाटणं. लाटण्याखाली कोण जाऊन झोपतंय व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "आन् लाटणं म्हटलं की वहिनींचंच काम." सगळे हसले आणि मी सेफ्टी झाले.

मी काम अंगावर घेतलं की अभ्यास करते. मोबाईलवर रोलरचे व्हिडिओ बघितले. भाजी फोडणीला टाकता टाकता मला कळलं की रोलरवाल्याला अगदी मागचं आणि अगदी पुढचं खालचं दिसत नाही, की उताराला रोलर आडवा चालवायचा नसतो, की ड्रमवर सारखं पाणी सोडायचं असतं, नाहीतर गरम डांबर ड्रमला चिकटून वर येतं. सगळं समजलं. एकच गोष्ट राहिली. त्या व्हिडिओतले रस्ते परदेशातले होते आणि तिथं एकाही घराच्या फाटकात सासू बसलेली नव्हती.

कामाच्या दिवशी सोपानरावांनी मला नारिंगी जॅकेट दिलं. ते बहुतेक एखाद्या पैलवानाचं असावं. नऊवारीवर शाल घ्यावी तसं मी ते साडीवर घेतलं. हे दारातून बघत होते. म्हणाले, "चांगलं दिसतंय." लग्नानंतर ते असं जेव्हा जेव्हा म्हणाले तेव्हा पुढं काहीतरी घोटाळा झालेला आहे.

रोलर आला. पिवळा, पुढं-मागं लोखंडी ड्रम, आणि वर बसलेली ऑपरेटर एक तिशीतली मुलगी. केस घट्ट बांधलेले, पायात बूट, अंगात जॅकेट, कमरेला पट्टा. नाव भाग्यश्री. गल्लीतल्या बायका फाटकाबाहेर आल्या. भाग्यश्रीनं उतरून रोलरभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि आम्हाला सगळ्यांना शाळेत उभं करतात तसं उभं केलं.

"ऐका. रोलरच्या मागं कुणी यायचं न्हाई. बाजूला चिकटून चालायचं न्हाई. वर कुणी चढायचं न्हाई. आन् सगळ्यात महत्त्वाचं, माल गरम हाय तवर रोलर थांबत न्हाई. थांबला की मालात रुतून बसतो. म्हणून मला मधीच कुणी हाक मारायची न्हाई."

पोपटरावांनी मोबाईल काढला होता. "पोरी, एक फोटो. मी नुसता वर बसतो, तू चालव."

"मामा, सीट एक, माणूस एक."

"अगं दोन मिनिटं."

"मामा, तुम्ही बसा, मग मी घरी जाते."

पोपटराव मोबाईल खिशात ठेवून आकाशाकडं बघू लागले. मला ती मुलगी तिथंच आवडली.

पण पहिला घोटाळा तिच्या नियमांत नव्हता. गल्लीत एवढं मोठं यंत्र पहिल्यांदा आलं, मग त्याची पूजा नको? बायकांनी ताट आणलं. नारळ फुटला, त्याच्या करवंट्या मी सेफ्टी या नात्यानं वेचल्या. हळदीकुंकू मात्र आमच्या बायकांनी मनापासून लावलं. एकीनं लावलं म्हणून दुसरीनं, दुसरीनं लावलं म्हणून तिसरीनं. पुढचा ड्रम लालपिवळा दिसू लागला. मजुरांनी गल्लीच्या खालच्या तोंडापासून, आधी आमच्या बाजूच्या अर्ध्या पट्टीवर, गरम माल पसरला, भाग्यश्रीनं ड्रमवर पाणी सोडलं आणि रोलर चालू झाला. रस्ता काळा व्हायच्या ऐवजी गुलाबी झाला. पोपटराव म्हणाले, "लाल डांबर कंपनीत वापरतेत काय?" सोपानरावांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

दुसरा घोटाळा हॉर्नचा. रोलर मागं येताना हॉर्न वाजला पाहिजे. मूळचा हॉर्न आदल्या दिवशी बंद पडला, तेव्हा सोपानरावांनी दौंडहून एका ट्रॅक्टरवाल्याकडून दुसरा आणून बसवला होता. भाग्यश्रीनं रिव्हर्स टाकला आणि हॉर्नमधून आरतीची चाल वाजू लागली. तुम्हाला सांगते, अख्खी गल्ली घरातून बाहेर आली. ज्याच्या हातात जे होतं ते खाली ठेवून माणसं बरोबर रोलरच्या मागं येऊन उभी राहिली. हात जोडून. एकजण टाळ्या वाजवत होता. रोलर हळूहळू त्यांच्याकडं येत होता आणि ती माणसं डोळे मिटून त्याच्याकडं.

मी ओरडले. आयुष्यात एवढी कधी ओरडले नव्हते. भाग्यश्रीनं करकचून थांबवला, सुदैवानं तो तेव्हा मालावरून खाली उतरून गल्लीच्या तोंडाशी आला होता. मग हॉर्नची वायर तोडली. पण हॉर्नशिवाय ती मागं यायला तयार नाही, आणि ते बरोबरच होतं. माल तर गार होत चालला. भाग्यश्रीनं माझ्याकडं बघितलं.

"काकू, आवाज चांगला हाय तुमचा."

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट शिकवली होती, सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये. इतकी वर्षं तो आत कोंडून ठेवलेला होता, आता कामाला आला. रोलर मागं आला की मी पुढून-मागून बघत म्हणायचे, "रोलर मागं येतोय, कृपया सर्वांनी बाजूला व्हावं."

"काकू," भाग्यश्री वरून म्हणाली, "वाक्य लई लांब होतंय. ते संपेपर्यंत मी पार तुमच्यापर्यंत येते. नुसतं पीप पीप करा."

आणि मी केलं. मराठी विषय घेऊन बारावी झालेली, भिशीची अध्यक्ष, एका गृहस्थाची पत्नी, मी भर दुपारी नारिंगी जॅकेट घालून गल्लीत पीप पीप करत उभी राहिले. रोलर पुढं गेला की मी गप्प, मागं आला की पीप पीप. हे दोनदा दारात येऊन बघून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी दार लावून घेतलं.

एवढं करून सगळं सुरळीत चाललं होतं. आमच्या बाजूची पट्टी फाटकापर्यंत आली. तेवढ्यात पोपटरावांनी, फोटोची सल विसरून, आपुलकीनं चौकशी केली. "पोरी, गाव कुठलं तुझं?"

"दौंड. मालक रेल्वेत हायेत."

"आन् माहेर?"

"वरवंड, मामा."

झालं. सासूबाईंचंही माहेर वरवंड. त्यांना ऐकू येत नाही असं मी म्हटलं, पण एक शब्द त्यांना कुठूनही ऐकू येतो. मी वळून बघितलं तर फाटकातली खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, कंटाळून आत गेल्या असतील. सेफ्टीच्या माणसानं असं कधी वाटून घेऊ नये.

थोड्या वेळानं वॉकरचा खट खट आवाज आला. सासूबाई फाटकात उभ्या. वॉकरच्या दांडीला पिशवी अडकवलेली, पिशवीतून खणाचा काठ आणि नारळाची शेंडी बाहेर आलेली.

"अगं ए वरवंडकरणी," त्यांनी हाक मारली, "माहेरच्या माणसाच्या दारावरून तशीच चाललीस व्हय?"

भाग्यश्रीनं वरून हात जोडले. "आज्जी, काम झाल्यावर येते. आता थांबता येत न्हाई."

"काय म्हणती ती?"

"आत्या, थांबता येत नाही म्हणतीय," मी ओरडले. "माल गरम आहे."

"माल गरम असला म्हणून काय झालं? ओटी न भरता लेक दारावरून गेली तर वरवंडचे लोक मला काय म्हणतील?" आणि त्यांनी वॉकरचं चाक पायरीवरून खाली, वाफा निघत असलेल्या डांबराकडं ढकललं.

मी पीप पीप केलं. ते रोलरसाठी होतं, सासूला त्याचा उपयोग झाला नाही. भाग्यश्रीपुढं दोनच मार्ग होते. तिनं माणूस वाचवला आणि रोलर थांबवला. मग सगळे नियम पाळले. ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, पट्टा सोडला, तोंड रोलरकडं करून पायरी पायरीनं उतरली, ड्रम हलू नये म्हणून त्याखाली लाकडी ओट लावली आणि कडेच्या मातीवरून फाटकात आली.

तिला पदर नव्हता. तिनं जॅकेटचं टोक दोन्ही हातांनी पुढं धरलं. सासूबाईंनी त्यात तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला, कपाळाला कुंकू लावलं. लावताना तिच्या गालावरची डांबराची काळी रेघ अंगठ्यानं पुसली. ती काही निघाली नाही.

"उन्हाची दमलीस गं," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीजवळची चिंच हाय का अजून?"

"हाय की आज्जी. तिथंच तर बस थांबती."

"आता कवा जाशील?"

"दिवाळीला."

"गेलीस की तिला सांग, तानी इचारत हुती."

मुलीनं मान हलवली आणि वाकून पाया पडली. मी पदरानं डोळे पुसले, खरं सांगते, आणि रोलरकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. चिंचेला निरोप गेला तोवर रोलर आपल्या दोन्ही ड्रमांसकट आमच्या दारापुढं आरामात बसला होता. भाग्यश्रीनं परत चढून पुढं घेतला तेव्हा खाली दोन आडवे खळगे. तिनं पाच-सहा वेळा वरून फिरवून बघितलं. थोडे बुजले, पुरते गेले नाहीत. पलीकडची पट्टी चालू करताना ती मला म्हणाली, "काकू, आता देव जरी आला तरी थांबणार न्हाई."

देव आला नाही. तुळजाबाई आल्या. गल्लीच्या पलीकडून त्यांना दिसलं काही नव्हतं, पण सासूबाईंनी ओटी भरल्याचं ओरडून सांगितलं होतं. ओरडण्यात थोडा डौलही होता.

मी रोलरच्या मागं पीप पीप करत होते, माझं काम मागचं होतं. पुढून तुळजाबाई हातात सूप धरून, पाय चाचपत, बरोबर रोलरच्या वाटेत उतरल्या.

"तिच्या दारात थांबलीस, माझ्या दारात न्हाई? माझी नात वरवंडला दिली हाय."

माणूस पुढं आला की थांबायचंच, हा भाग्यश्रीचा स्वतःचा नियम. ती थांबली. उतरली. जॅकेट धरलं. सुपात तांदळाबरोबर मिश्रीची डबी कशी गेली होती देव जाणे, ती परत काढून घेईपर्यंत पलीकडच्या पट्टीवरही दोन खळगे बसले.

मग काय विचारता. पोपटरावांना आठवलं की त्यांचा साडू वरवंडला आहे. कोपऱ्यावरच्या गीताबाईंची जाऊ वरवंडच्या शेजारच्या गावची निघाली. एकजण तर म्हणाला, मी वरवंडला वडापाव खाल्ला होता. ताटं, तांब्ये, चहाचे कप घेऊन माणसं फाटकांत उभी. तेव्हा मी हॉर्न पुढंही वाजवला, मागंही वाजवला, ज्याच्या ताटात नारळ दिसला त्याच्या तोंडावर वाजवला. राहिलेला रस्ता सपाट झाला तो माझ्या घशावर झाला. पण हे कुणी बोलत नाही. संध्याकाळी पोपटराव रस्ताभर चकरा मारून आले आणि आमच्या फाटकाशी थांबून म्हणाले, "सगळं झकास. फक्त सेफ्टीच्याच दारात खड्डा."

मी त्या रात्री जेवले नाही. हे म्हणाले, "घसा बसलाय म्हणून?" मी मान हलवली. खरं कारण दुसरं होतं. ज्या एका वाटेसाठी हा सगळा उपद्व्याप केला होता, ती गल्लीभर सपाट झाली होती आणि नेमकी आमच्या फाटकापासून तुळजाबाईंच्या फाटकापर्यंतच बिघडली होती. सोपानराव म्हणाले होते, पुढच्या कामाच्या वेळी येऊन भरून देतो. पुढचं काम म्हणजे कधी, हे शिरूर-दौंडात कुणाला विचारू नये.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं आणि फाटक उघडायला सांगितलं. मी म्हटलं, "आत्या, खळगा आहे. खालच्या बाजूनं जाऊ, सपाट आहे."

आम्ही आधी सपाटावरून गेलो. आणि मला एक गोष्ट कळली, जी एकाही व्हिडिओत नव्हती. आमच्या गल्लीला घोड नदीकडं उतार आहे. खडीवर तो कुणाला जाणवत नव्हता. गुळगुळीत रस्त्यावर वॉकर आडवा न्यायला लागलं की त्याची चाकं उताराला पळतात. सासूबाई तुळजाबाईंकडं निघाल्या होत्या आणि वॉकर नदीकडं. मी तो धरला, सासूबाईंना धरलं, आणि सासूबाईंनी माझा हात झटकला. "सोड. मी म्हटलं ना, माझ्या पायानं."

त्यांचा चेहरा पडला होता. त्या वळल्या, परत फाटकाशी आल्या. मला वाटलं, आता ही बाई परत घराबाहेर पडायची नाही. तर त्यांनी खाली बघितलं, जरा विचार केला आणि वॉकरचं उताराच्या बाजूचं चाक त्या खळग्यात ठेवलं.

चाक बसलं. इकडं नाही की तिकडं नाही. खळगा गल्लीला आडवा, समोरच्या फाटकाकडं सरळ गेलेला. रस्त्याच्या मधोमध तो संपला आणि पलीकडच्या पट्टीवरचा तुळजाबाईंचा खळगा सुरू झाला. जेमतेम चार बोटं चुकला होता, तेवढं सासूबाईंनी चाक उचलून सांधलं. रुळावरून गाडी जावी तशा त्या निघाल्या. मी शेजारून चालत होते, हात मागं बांधून, कारण हात लावलेला चालणार नव्हता.

"कोण हाय गं?" तुळजाबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"दौंडची गाडी," सासूबाई म्हणाल्या, आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

त्या दिवशी त्या दोघी काय बोलल्या ते पहिल्यांदाच गल्लीला कळलं नाही. हळू बोलत होत्या. मी घरी येऊन सोपानरावांना फोन केला आणि सांगितलं की खळगे भरू नका. ते म्हणाले, "मॅडम, काम अर्धवट ठेवायची सवय न्हाई मला." अजून आले नाहीत, त्यामुळं वाद वाढला नाही. पोपटराव मात्र परवा विचारत होते, आमच्याही दारापुढं तसं काही बसवून मिळेल काय, गुडघे दुखतात हल्ली.

दिवे लागले तशी मी सासूबाईंना आणायला गेले. दोघी भांडून झाल्या होत्या, म्हणजे सगळं पहिल्यासारखं होतं. सासूबाई उठल्या, रुळाच्या टोकाशी ठेवलेला वॉकर धरला, पण वळेनात. वळलं तर चाक रुळातून निघतं आणि वळेपर्यंत वॉकर परत नदीकडं पळतो. त्यांनी पाठ आमच्या घराकडं केली आणि एक पाय मागं टाकला.

"सुलक्षणे," त्या म्हणाल्या, "मी मागं येते. हॉर्न दे."

मी एकदा गल्लीत इकडं तिकडं बघितलं. पोपटराव त्यांच्या फाटकात उभे होते. मी घसा खाकरला, सासूबाईंच्या मागं उभी राहिले आणि उंबऱ्यापर्यंत पीप पीप करत गेले.